"आईने सुई बंद केलीय, आता काय करू?" : इन्सुलिन आणि कॅन्सरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच भीतीबद्दल आहेत, इन्सुलिन घेतल्याने कॅन्सर होतो का. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त हेच. प्रश्न थोडे आटोपते केलेत, आणि नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ६२ वर्षांची आहे, १४ वर्षं शुगर आहे. गोळ्या वाढवत वाढवत तीनवर गेल्या तरी उपाशीपोटीची शुगर २२० च्या खाली येईना म्हणून डॉक्टरांनी रात्रीचं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन सुरू केलं. दोन महिन्यांत शुगर १३० वर आली, आईला पण बरं वाटत होतं. मग कोणीतरी मोबाईलवर पाठवलं की हे इन्सुलिन घेणाऱ्या बायकांना ब्रेस्ट कॅन्सर होतो, परदेशात सिद्ध झालंय. माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, त्यामुळे आईने धसकाच घेतला आणि आठ दिवस झाले सुई बंद केलीय. डॉक्टरांना सांगायलाही तयार नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी आजचं काम. आईची शुगर आत्ता तपासा आणि डॉक्टरांना फोन करून सरळ सांगा की आठ दिवस इन्सुलिन बंद आहे. ओरडतील म्हणून लपवू नका, डोस पुन्हा कितीने सुरू करायचा हे त्यांना आजची शुगर कळल्याशिवाय ठरवता येणार नाही. आई सारखं पाणी मागत असेल, लघवीला वारंवार जात असेल, गुंगीत वाटत असेल, उलट्या होत असतील तर फोनवर थांबू नका, थेट दवाखान्यात न्या.

आता त्या मेसेजबद्दल. तो पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्याच्या मागे एक खरी गोष्ट आहे, फक्त ती अर्धीच सांगितलेली आहे. जून २००९ मध्ये डायबेटॉलॉजिया नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये जर्मनी, स्वीडन, स्कॉटलंड आणि इंग्लंडकडचे अभ्यास एकाच वेळी आले. जर्मनीतल्या अभ्यासात इन्सुलिन घेणारे सव्वा लाखाहून जास्त लोक होते. त्यात साधा हिशोब केला तर ग्लार्जिनवाल्यांमध्ये कॅन्सर उलट कमी दिसत होता, पण डोसचा हिशोब धरून आकडेमोड केली की जास्त दिसायला लागला. स्वीडनमध्ये फक्त ग्लार्जिन घेणाऱ्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर जवळपास दुप्पट दिसला. एवढं वाचून कोणीही घाबरेल, तेव्हा आम्ही डॉक्टरही घाबरलो होतो, पेशंटचे फोनवर फोन येत होते.

पण त्याच स्वीडनच्या अभ्यासात ज्या बायका ग्लार्जिनबरोबर दुसरं इन्सुलिनही घेत होत्या त्यांच्यात ही वाढ नव्हती. औषध खरंच दोषी असेल तर सोबत दुसरं इन्सुलिन घेतल्याने त्याचा दोष कसा काय गायब होईल? शिवाय हा सगळा हिशोब एक-दोन वर्षांच्या वापराचा होता. ब्रेस्टमधली गाठ हाताला लागेल एवढी व्हायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं जातात, वर्षभराच्या सुईने ती शून्यातून तयार होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणाला कुठलं इन्सुलिन मिळालं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. एकटं ग्लार्जिन दिवसातून एकदाच घ्यायचं असतं त्यामुळे ते बऱ्याचदा वयाने मोठ्या, वजन जास्त असलेल्या, टाईप टू (बहुतेक करून मोठ्या वयात होणारा डायबेटिस) वाल्या लोकांना दिलं जातं, आणि वय, वजन आणि टाईप टू या तिन्ही गोष्टींनी कॅन्सरचा धोका मुळातच वाढलेला असतो.

चिठ्ठ्या टाकून, म्हणजे अर्ध्यांना ग्लार्जिन आणि अर्ध्यांना नेहमीची ट्रीटमेंट, असा मोठा अभ्यास नंतर आला. ओरिजिन नावाची ट्रायल, ४० देशांतले १२,५३७ लोक, साधारण ६ वर्षं पाठपुरावा, निकाल २०१२ मध्ये. कॅन्सर दोन्हीकडे सारखा, म्हणजे अगदी सारखा, दर वर्षी दर शंभर माणसांत १.३२ इकडेही आणि १.३२ तिकडेही. दुसऱ्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी सगळे पुरावे परत तपासले आणि ग्लार्जिनने कॅन्सरचा धोका वाढत असल्याचं दिसत नाही असंच सांगितलं. सहा वर्षं म्हणजे काही आयुष्य नाही हे मान्य, पण मेसेजमध्ये जी भीती घातलीय ती तर एक-दोन वर्षांत कॅन्सर होण्याची आहे, आणि ती या अभ्यासाने पार निकालात निघते.

आईशी बोलताना हे आकडे नका सांगू. त्यांची भीती सुईची नाहीये, बहिणीची आहे. त्यांनी बहिणीचं आजारपण जवळून बघितलंय. त्यांना सांगा की मावशीमुळे तुझी काळजी घ्यायचीच आहे, त्यासाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घेऊ, डॉक्टरांना मावशीबद्दल सांगू, मावशीला कितव्या वर्षी झाला तेही सांगू, त्यावरून तपासणी किती वेळा करायची ते ठरेल. भीतीला करायला काहीतरी खरं काम मिळालं की ती सुईचा पिच्छा सोडते, हे मी बऱ्याच पेशंटमध्ये बघितलंय.

प्रश्न : इन्सुलिन पेशी वाढवतं असं मी वाचलंय. मी सायन्सचा विद्यार्थी होतो त्यामुळे मला हे पटतं पण. मग कॅन्सरच्या पेशी का नाही वाढवणार? मला फक्त "काळजी करू नका" असं उत्तर नकोय.

उत्तर : बरोबर आहे तुमचं, नुसतं काळजी करू नका म्हणणं हे उत्तर नाहीच. इन्सुलिन शुगर कमी करतं एवढंच आपण म्हणतो, पण ते मुळात शरीराला "अन्न आलंय, साठवा, वाढा" असा निरोप देणारं हार्मोन आहे. त्याचा एक नातेवाईक आहे, आयजीएफ-वन, त्याचं तर मुख्य काम वाढीचंच, आणि इन्सुलिन थोड्या प्रमाणात त्याच्याही रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं. बऱ्याच गाठींच्या पेशींवर हे दोन्ही रिसेप्टर भरपूर असतात. त्यामुळे शंका घ्यायला जागा आहे, आणि ती शास्त्रज्ञांनी तुमच्या-माझ्या आधी घेतली.

एक्स-टेन नावाचं एक इन्सुलिन होतं, नेहमीच्या इन्सुलिनच्या साखळीतला फक्त एक अमिनो ॲसिड बदललेला. ते लवकर शोषलं जायचं म्हणून सगळे खूश होते, पण उंदरांना मोठ्या डोसने दिलं तर माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. ते औषध तिथेच थांबवलं, बाजारात आलंच नाही. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नव्या इन्सुलिनची या अंगाने तपासणी व्हायला लागली. मला ही गोष्ट दिलासा देणारी वाटते, कारण धोका खरा होता तेव्हा तो माणसांपर्यंत पोचायच्या आधी सापडला.

ग्लार्जिनवर संशय आला तोही यामुळेच. प्रयोगशाळेत, काचेच्या भांड्यात, ते आयजीएफच्या रिसेप्टरला साध्या इन्सुलिनपेक्षा कितीतरी पट जास्त चिकटतं. पण माणसाच्या शरीरात टोचल्यावर त्याच्या टोकाला जोडलेले दोन अमिनो ॲसिड लगेच कापले जातात आणि रक्तात जे फिरतं ते मुख्यतः हे कापलेलं रूप असतं, त्याला एम-वन म्हणतात, आणि ते त्या रिसेप्टरला जास्त चिकटत नाही. भांड्यातलं औषध आणि रक्तातलं औषध एकच नव्हतं, असा तो सगळा घोळ.

आणि अजून एक, जे लोकांच्या लक्षात येत नाही. टाईप टू मध्ये सुई सुरू व्हायच्या आधी कित्येक वर्षं शरीर इन्सुलिनला दाद देत नसतं म्हणून स्वादुपिंड स्वतःच ढीगभर इन्सुलिन बनवत असतं. पोट सुटलेल्या, शुगर अजून नॉर्मल असलेल्या माणसाच्या रक्तातसुद्धा इन्सुलिन भरपूर असू शकतं. म्हणजे जास्तीच्या इन्सुलिनची भीती वाटत असेल तर ती सुईपासून नाही, कमरेच्या घेरापासून सुरू करायला हवी. टाईप टू असणाऱ्यांमध्ये लिव्हर, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर साधारण दुप्पट दिसतो, मोठं आतडं, स्तन, मूत्राशय यांचा थोडा जास्त, आणि प्रोस्टेटचा मात्र कमी दिसतो. हे सुई न घेणाऱ्यांनाही लागू आहे. इन्सुलिनमुळे पेशीतल्या डीएनएमध्ये नवीन बिघाड होतो, सिगरेटने होतो तसा, असं दिसलेलं नाही, म्हणजे वाद आहे तो असलेली गाठ वाढण्याचा आहे, नवीन कॅन्सर लागण्याचा नाही, आणि त्या वादातही माणसांवरचा चांगला पुरावा सुईच्या बाजूने आहे.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा, टाईप वन, चार वर्षांपासून दिवसाला चार वेळा इन्सुलिन. मोठ्यांना सहा वर्षांत काही झालं नाही म्हणता पण त्याला तर पन्नास-साठ वर्षं घ्यायचंय. रात्री झोप लागत नाही हो.

उत्तर : दादा, तुमच्या मुलाच्या बाबतीत प्रश्नाची मांडणीच वेगळी आहे. त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, तुम्ही जे टोचता ते जास्तीचं नाहीये, ते निसर्गाने द्यायचं होतं आणि दिलं नाही ते आहे. १९२२ च्या आधी टाईप वन झालेली मुलं जगतच नसत. त्या वर्षी जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं, तेव्हा तो उपासमारीच्या डाएटवर अगदी हाडांचा सापळा झाला होता, कारण त्या काळी तेवढाच एक उपाय होता.

आणि पन्नास वर्षांचं काय म्हणाल तर याबाबत आपल्याकडे ट्रायलशिवाय आणखी एक पुरावा आहे, खरी माणसं. ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, फिनलंड, स्कॉटलंड आणि स्वीडन या पाच देशांच्या नोंदी एकत्र करून टाईप वन वाल्यांचा कॅन्सर तपासला गेला, २०१६ मध्ये तो छापून आला. ही सगळी मंडळी रोज इन्सुलिन घेणारी, बरीचशी लहानपणापासून. एकूण कॅन्सर जवळपास इतर लोकांएवढाच निघाला, काही प्रकार थोडे जास्त, पण स्तनाचा आणि प्रोस्टेटचा उलट कमी. इन्सुलिनने कॅन्सर होत असता तर तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त या लोकांमध्ये दिसायला हवा होता.

तुमच्या मुलाची एकही सुई या भीतीने चुकू देऊ नका. टाईप वन मध्ये इन्सुलिन थांबलं तर एक-दोन दिवसांत, कधी काही तासांत, रक्तात किटोन नावाची आम्लं वाढून जीवावर बेततं. आणि तुम्ही झोपा हो, तुमची झोप त्याच्या रात्रीच्या शुगरएवढीच महत्त्वाची आहे.

प्रश्न : बाबा ५८ वर्षांचे. कधीच शुगर नव्हती, मागच्या वर्षी अचानक ३०० निघाली, वजन सात किलो उतरलं होतं, इन्सुलिन सुरू केलं. तीन महिन्यांत पोट दुखायला लागलं आणि स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. ते गेले आता. घरात सगळे म्हणतात इन्सुलिननेच झालं आणि इंजेक्शन मीच द्यायचो त्यांना.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी हे ऐका, तुम्ही दिलेल्या इंजेक्शनने बाबांना कॅन्सर झाला नाही. क्रम उलटा होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर आधी आला, त्याने शुगर वाढवली, वजनही त्यानेच उतरवलं, आणि शुगर वाढली म्हणून इन्सुलिन आलं. गाठ स्कॅनमध्ये दिसली शेवटी, पण ती सगळ्यात आधीपासून आत होती. स्वादुपिंडात गाठ तीन महिन्यांत तयार होऊन या टप्प्याला पोचत नाही.

नुसत्या नोंदींवरून केलेल्या कित्येक अभ्यासांत हाच गोंधळ होतो, इन्सुलिन सुरू केल्याच्या पहिल्या वर्षात कॅन्सर जास्त सापडतो आणि बघणाऱ्याला वाटतं इन्सुलिनने झाला. म्हणून चांगल्या अभ्यासात पहिलं एखादं वर्ष हिशोबातून काढूनच टाकतात. तसंच लिव्हर खराब असेल तर बऱ्याच गोळ्या चालत नाहीत म्हणून इन्सुलिन देतात, आणि खराब लिव्हरमध्ये कॅन्सरचा धोका जास्त असतोच, पुन्हा दोष सुईवर.

बाकी वाचकांसाठी, पन्नाशीनंतर, घरात कोणाला शुगर नसताना, वजन वाढलेलं नसताना उलट झपाट्याने उतरत असताना नवीन डायबेटिस निघाला तर डॉक्टरांना "स्वादुपिंड बघायचं का" असं जरूर विचारा. पन्नाशीनंतर नव्याने डायबेटिस निघालेल्या शंभर लोकांमध्ये तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघणारा साधारण एकच असतो, त्यामुळे सगळ्यांनी स्कॅन करत बसायचं कारण नाही, पण वजन उतरणं ही सोबतची खूण सोडू नका. तशीच, वर्षानुवर्षं कंट्रोलमध्ये असलेली शुगर काही कारण नसताना अचानक बिघडली आणि वजनही उतरत असेल तरी हेच विचारा.

तुम्ही बाबांना रोज सुई दिली म्हणजे त्यांची तहान, थकवा, सारखं उठणं कमी केलंत. घरच्यांना हे पत्र वाचायला द्या.

प्रश्न : शुगरची मेटफॉर्मिन गोळी कॅन्सरपासून वाचवते म्हणे, मग इन्सुलिन न घेता तीच डबल केली तर?

उत्तर : मनाने डबल अजिबात नको. मेटफॉर्मिनची ही कीर्ती पण अशाच नोंदींच्या अभ्यासातून आली, मेटफॉर्मिनवाल्यांना कॅन्सर कमी दिसला. पण मेटफॉर्मिन डायबेटिसच्या सुरुवातीला देतात, म्हणजे तब्येत बरी असलेल्या लोकांना, आणि इन्सुलिन उशिरा, मग तुलना कशी होणार. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या, डायबेटिस नसलेल्या साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून ट्रायल झाली, त्याचा निकाल २०२२ ला आला, मेटफॉर्मिनने कॅन्सर परत येणं काही कमी झालं नाही. शुगरसाठी ती उत्तम गोळी आहे, किडनी ठीक असेल तर इन्सुलिनसोबतही चालू ठेवतात, त्याने इन्सुलिनचे युनिट कमी लागतात आणि वजनही आटोक्यात राहतं, आणि हा फायदा नक्कीचा आहे.

वजनावरून आठवलं, इन्सुलिन सुरू झाल्यावर दोन-चार किलो वाढतात, याबद्दल कोणीच विचारलं नाही आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. जास्त वजनाचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे शुगर लो होते म्हणून वारंवार खावं लागत असेल, त्याने शुगर वाढते म्हणून युनिट वाढत असतील, तर हे चक्र डॉक्टरांना दाखवा, बऱ्याचदा डोस कमी करायची किंवा सोबतचं औषध बदलायची गरज असते.

प्रश्न : पोटावर सुई घेते तिथे लिंबाएवढी गाठ आलीय. कॅन्सरची तर नाही?

उत्तर : मऊसर आणि नेमकी सुईच्या जागीच असेल तर बहुतेक ती चरबीची गाठ आहे, एकाच जागी रोज टोचल्याने होते, कारण दुखत नाही म्हणून आपण तिथेच टोचत राहतो. कॅन्सर नाही, पण निरुपद्रवीही नाही, तिथून इन्सुलिन कधी नीट शोषलं जातं कधी नाही, म्हणून शुगर वर-खाली होत राहते. जागा बदला, दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवा, सुई दर वेळी नवीन वापरा. एक सावधगिरी मात्र लागते, गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात की तेवढंच इन्सुलिन जास्त काम करतं आणि शुगर लो होऊ शकते, म्हणून पहिले काही दिवस जास्त वेळा तपासा आणि डोस कमी करायचा का ते विचारून घ्या. गाठ कडक असेल, वाढत असेल, वरची कातडी बदललेली असेल तर डॉक्टरांच्या हाताखालून गेलीच पाहिजे.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची केमो चालू आहे, त्यात स्टेरॉइड देतात, शुगर ४०० झाली म्हणून इन्सुलिन लावलंय. कॅन्सर असताना इन्सुलिन देणं म्हणजे आगीत तेल नाही का?

उत्तर : नाही. शुगर ४०० वर ठेवली तर इन्फेक्शन होतं, जखमा भरत नाहीत, शरीरातलं पाणी कमी पडतं, आणि केमो पुढे ढकलावी लागू शकते, हे नुकसान कितीतरी मोठं. स्टेरॉइडच्या दिवसांत शुगर दुपारनंतर जास्त चढते त्यामुळे सकाळची बघून निश्चिंत राहू नका, संध्याकाळची पण बघा. आणि स्टेरॉइड थांबलं की इन्सुलिनही लगेच कमी करावं लागतं, तो डोस कसा उतरवायचा ते आधीच लिहून घ्या. पेट स्कॅन (कॅन्सर शरीरात कुठे आहे ते बघणारा स्कॅन) असेल तेव्हा तिथल्या स्टाफला इन्सुलिन घेतो हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, कारण स्कॅनच्या थोडं आधी इन्सुलिन घेतलं तर स्कॅनसाठी दिलेली औषधी साखर स्नायूंमध्ये जाते आणि फोटो नीट येत नाही, किती तास आधी घ्यायचं ते तेच सांगतील.